शेरा झाला, तास कोणी पाहिला?

प्रकाशाला लोक येतात ते तापी आणि गोमाईच्या संगमावर, केदारेश्वराच्या दर्शनाला. दक्षिण काशी म्हणून खानदेशभर या गावाचं नाव आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतं. 1955 मध्ये बी. के. थापर यांनी इथल्या टेकाडात उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. या भागातल्या कुठल्याही शाळेच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, तर तिथेही असेच थर लागतात. सगळ्यात वर राज्याच्या नव्या शाळा गुणवत्ता आराखड्याचे कागद: 128 मानकं आणि प्रत्येकासाठी पुरावा. त्याखाली ‘शाळा सिद्धी’ची फाइल. मग ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या चाचण्यांचे तक्ते, मग सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी, आणि अगदी तळाशी, पुठ्ठा सुटलेलं शेरेबुक.

या सगळ्या कागदांचा प्रश्न खरं तर एकच आहे. हा शिक्षक चांगलं शिकवतो का, आणि आणखी चांगलं शिकवायला त्याला मदत कोण करतं? प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्यासाठी कागदांना तोटा नाही. दुसरा अर्धा बहुतेक वेळा कोराच राहतो.

तपासणीबद्दलची तक्रार जुनी आहे. प्रकाशा अजून अखंड खानदेश जिल्ह्यात होतं त्या काळी, 1882 मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत डोकावून जातो त्याचा फारसा उपयोग नाही, तपासणी निदान तीन महिन्यांनी एकदा व्हावी आणि अधूनमधून न कळवता व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पण जोतीराव तिथेच थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी समाजातला, मुलांच्या आईबापांत मिसळणारा हवा, आणि त्याला महिना निदान 12 रुपये, मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये पगार हवा, हेही त्याच निवेदनात आहे. तपासणी, प्रशिक्षण आणि पगार ही तिन्ही कलमं त्यांनी एकाच कागदावर मांडली. पुढच्या काळात ती तीन वेगवेगळ्या टेबलांवर गेली आणि अजून तिथेच आहेत.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये निराळाच प्रयोग चालू होता. 1862 च्या नियमांनुसार इन्स्पेक्टर शाळेत येऊन मुलांचं वाचन, लेखन, गणित तपासायचा आणि त्या निकालावर शाळेचं अनुदान ठरायचं. परिणाम व्हायचा तोच झाला. मुलं धडे पाठ करू लागली, आणि जे तपासलं जात नाही ते शिकवणं बंद पडलं. कवी मॅथ्यू अरनॉल्ड हे स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते आणि या पद्धतीचे कडवे टीकाकारही. इंग्लंडने ती शतकाच्या अखेरीस सोडून दिली. निकालावर पैसे देण्याची कल्पना मात्र दर दोन-तीन दशकांनी जगात कुठे ना कुठे पुन्हा उगवते, आणि तिला नवीन म्हणून हारही घातले जातात.

आपल्याकडे शिक्षकाचं मूल्यमापन म्हणजे मुख्यतः गोपनीय अहवाल, शिक्षकांच्या भाषेत ‘सीआर’. खाजगी अनुदानित शाळांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली आली, त्यात या अहवालाची तरतूद आहे. शिक्षकाच्या कामाबद्दल वर्षातून एकदा लिहायचं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला प्रतिकूल शेरा असेल तरच कळवायचं, अशी ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. 2008 मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मुळावरच बोट ठेवलं. देव दत्त शिक्षक नव्हते, सीमा रस्ते विभागातले अभियंता होते. त्यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता, पण पदोन्नतीसाठी ‘अत्युत्तम’ लागत होता, आणि ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नाही म्हणून त्यांना कळवलाच गेला नव्हता. बढती हुकली ती चांगल्या शेऱ्यामुळे! प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल न्यायालयाने दिला. आता अहवालाचं नाव ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ झालं आहे आणि तो वाचायला मिळतो. पण वाचून शिक्षकाला उद्याच्या तासासाठी काय मिळतं? बहुधा एक श्रेणी आणि ‘कामात तत्पर’ असे दोन शब्द.

शिकवणं मोजणं अवघड, म्हणून सोपं असतं ते आधी मोजलं जातं. त्यातलं सगळ्यात सोपं म्हणजे हजेरी. 2003 च्या सुमारास देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली. त्यात चारांपैकी एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्राचा आकडा सगळ्या राज्यांत कमी, 14.6 टक्के होता, हे इथल्या शिक्षकांच्या बाजूने नोंदवायला हवं. साधारण त्याच वेळी उदयपूरच्या आदिवासी पट्ट्यात सेवा मंदिर या संस्थेने आपल्या एकशिक्षकी शाळांत कॅमेरे दिले. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसोबत फोटो काढायचा, त्यावर तारीख-वेळ उमटायची आणि पगार त्या दिवसांवर ठरायचा. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आली आणि मुलांचं शिकणंही सुधारलं. महाराष्ट्राने 2016 च्या अखेरीस यातला फक्त फोटो उचलला. दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवा, असा आदेश निघाला. पाड्यावर रेंज नाही, शिक्षकाच्या फोनमधला डेटा त्याच्याच खिशातला, आणि सोमवारची सकाळ सेल्फीतच जाणार. विरोध झाला आणि आदेश बारगळला. उदयपूरचे शिक्षक हंगामी होते, त्यांच्या पगाराचा हिशेब फोटोशी जोडलेला होता आणि शाळेत एकच माणूस शिकवत होता, या तिन्ही गोष्टी आपल्या आदेशाने सोडून दिल्या होत्या.

हजेरीनंतर निकाल. इथे पुरावा दोन्ही बाजूंचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. आंध्र प्रदेशात 2005 पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण सरकारी शाळांत एक प्रयोग केला. मुलांची प्रगती जितकी, तितका शिक्षकांना बोनस. बोनस फार मोठा नव्हता, सरासरीने वर्षाच्या पगाराच्या 3 टक्के. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या पुढे गेली, कारण शिक्षकांनी जादा तास घेतले, सराव करून घेतला. याउलट अमेरिकेत गेट्स प्रतिष्ठानच्या पुढाकाराने सहा-सात वर्षं चाललेल्या शिक्षक-मूल्यमापनाच्या योजनेवर 57 कोटी 50 लाख डॉलर खर्च झाले. 2018 मध्ये रँड या संशोधन संस्थेने अहवाल दिला की मुलांच्या निकालांत म्हणावा असा फरक पडला नाही.

महाराष्ट्राने 2017 च्या ऑक्टोबरमध्ये जे केलं, ते या दोन्हींपेक्षा वेगळं होतं. आपल्याकडे शिक्षकाला 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी मिळते, मध्ये सेवांतर्गत प्रशिक्षण असतं. नव्या निर्णयाने या वेतनश्रेणीला अट जोडली. शाळा ‘शाळा सिद्धी’त ‘अ’ श्रेणीत हवी आणि नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा. आंध्रमध्ये प्रगती मोजली होती, म्हणजे मूल कुठून कुठवर आलं ते. इथे मोजला तो नुसता निकाल. तापीकाठच्या बागायती गावात, जिथे केळी-पपईचा पैसा आहे आणि क्लासची सोय आहे, तिथल्या शाळेला आणि अक्राणीच्या डोंगरातल्या शाळेला एकच पट्टी. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना शिकवणाऱ्याची वेतनवाढ त्याच्या मुलांच्या गरिबीवर अडणार होती. संघटना रस्त्यावर उतरल्या आणि पुढे ती अट मागे पडली.

प्रकाशा ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, त्याच्यापुरता हा मुद्दा केवळ तत्त्वाचा नाही. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार इथे दर शंभरातली सुमारे 69 माणसं अनुसूचित जमातींची आहेत, आणि साक्षरता साधारण 64 टक्के, राज्यात सगळ्यात कमी. प्रकाशासारख्या गावातल्या एकाच वर्गात घरी अहिराणी बोलणारं, गुजरी बोलणारं आणि भिली बोलणारं मूल शेजारी-शेजारी बसलेलं असू शकतं. पुस्तक मात्र पुण्याचं मराठी बोलतं. पहिलीच्या शिक्षकाचं खरं कौशल्य या तीन घरांच्या बोलींमधून पुस्तकापर्यंत रस्ता काढण्यात आहे. आणि ते कौशल्य मोजायला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

मग शाळेने नेमकं पाहायचं तरी काय? ‘शाळा सिद्धी’चा मूळ आराखडा उघडून पाहावा, तो वाटतो तितका वाईट नाही. 2015 मध्ये राष्ट्रीय स्तरावर आलेल्या या आराखड्यात सात क्षेत्रं आहेत. त्यातलं चौथं शिक्षकांची कामगिरी आणि त्यांचा व्यावसायिक विकास याला वाहिलेलं आहे. नव्या शिक्षकाची ओळख आणि तयारी, उपस्थिती, जबाबदाऱ्या आणि उद्दिष्टं, बदलत्या अभ्यासक्रमासाठी सज्जता, कामाचं निरीक्षण आणि व्यावसायिक विकास, अशी सहा मानकं त्यात येतात. शाळेने आधी स्वतःला तपासायचं, मग बाहेरच्यांनी पडताळायचं. कागदावर हे उत्तम आहे. घोळ होतो तो श्रेणीला वेतन जोडल्यावर. मग स्वयंमूल्यमापनात स्वतःला कमी लेखणारी शाळा मिळणं मुश्कील.

एक तास जवळून पाहू. इयत्ता तिसरी, वजाबाकी. फळ्यावर 42 वजा 17. एका मुलाने उत्तर लिहिलंय 35. भेटीला आलेले साहेब पाटी बघतात, लाल रेघ मारतात, टाचण वही तपासतात. टाचण पूर्ण, तक्ते भिंतीवर, पोषण आहाराची नोंद चोख. शेरेबुकात लिहितात: अध्यापन समाधानकारक, वजाबाकीकडे लक्ष द्यावे. सही, शिक्का, गाडी पुढच्या शाळेकडे.

दुसरी भेट अशी. मागे बाकावर बसलेली एखादी अनुभवी सहकारी मुलाला विचारते, “पस्तीस कसे आले रे?” मूल सांगतं, सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे त्याने दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ उलटं केलं. त्याला वजाबाकी येत नाही असं नाही, दशक सोडवून एकक करणं त्याला उमगलेलं नाही. तास संपल्यावर व्हरांड्यात शिक्षकाशी दहा मिनिटं बोलणं होतं: वर्गात असे किती जण असतील, काडीचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन उद्या काय करता येईल, आणि पुढच्या आठवड्यात मी परत येते, आपण बघू. पहिल्या भेटीत शिक्षकाचं मूल्यमापन झालं. दुसऱ्या भेटीतही झालं, पण त्यातून शिक्षक पुढे सरकला.

ही दुसरी भेट जगभरात जिथे नेमाने होते, तिथे फळ दिसतं. अमेरिकेतल्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या सुमारासच दाखवलं होतं की प्रशिक्षणातलं व्याख्यान, अगदी प्रात्यक्षिकसुद्धा, वर्गात फारसं उतरत नाही. ते उतरतं मागाहून वर्गात येऊन हात देणारं कोणी असेल तर. 2018 मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी अशा पाठबळावरचे 60 अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्यात मोठी आणि मुलांच्या शिकण्यात लहान पण खरी सुधारणा दिसली. मात्र योजना शेकडो शिक्षकांवर गेली की परिणाम उतरतो, हेही त्यांनी नोंदवलं. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं शिक्षक मिळून एक पाठ बेततात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात, आणि नंतर चर्चा होते ती पाठाची.

आपल्याकडे याची व्यवस्था नाही असं मुळीच नाही. 1990 च्या दशकात केंद्रप्रमुख हे पद निर्माण झालं ते याचसाठी. साधारण दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र, त्यातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद, एखाद्या शाळेत आदर्श पाठ, त्यावर बोलणं. त्याच्याही आधी गटसंमेलनं होती, आणि त्याहून आधी, 1860 च्या दशकात, शिक्षण खात्याचं ‘शालापत्रक’ होतं, ज्याचं संपादन कृष्णशास्त्री आणि नंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी केलं. पण आज पुष्कळ केंद्रांना पूर्णवेळ केंद्रप्रमुखच नाही. पदभार कुणा ज्येष्ठ शिक्षकाकडे किंवा मुख्याध्यापकाकडे. त्याचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो: यू-डायस, आधार, गणवेश, ‘आजच दुपारपर्यंत’ असा व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा निरोप. शिक्षण परिषदेत पाठाऐवजी पत्रकं वाचली जातात. शिक्षणहक्क कायद्याचं 27 वं कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक याशिवायची कामं देऊ नका म्हणतं. ऑनलाइन रकाने भरण्याचा त्यात उल्लेख नाही, आणि वाट तिथूनच निघाली आहे.

ही व्यवस्था नीट चालली तर काय होतं, ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटाने, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाने, दाखवलं. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी बीटातल्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. फरशीवर आखलेल्या चौकटी, मुलांच्या हाताला येतील अशी साधनं, गटात शिकणारी मुलं. हे पाहायला राज्यभरातून शिक्षक बसगाड्या करून आले, आणि 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमावर या कामाची छाप पडली. नंतर बऱ्याच ठिकाणी नुसत्या फरश्याच रंगल्या हेही खरं. रंग उचलणं सोपं, अधिकाऱ्याने शिक्षकासोबत जमिनीवर बसणं अवघड. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातून काम करणारी नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था 2007 पासून आश्रमशाळा आणि अंगणवाड्यांत प्रशिक्षणासोबत वर्गातल्या पाठबळाचं काम करते. तिथली मुलंही नंदुरबारसारखीच, घरची बोली एक आणि पुस्तकाची दुसरी.

शिक्षकांच्या विकासासाठी तास मात्र वाढत चालले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितलं. 2019 मध्ये सुरू झालेलं ‘निष्ठा’ प्रशिक्षण 2020 पासून बरंचसं ‘दीक्षा’ अॅपवर सरकलं. फोनवर व्हिडिओ चालू, शिक्षक स्वयंपाकघरात, शेवटी दहा प्रश्न आणि प्रमाणपत्र: हे दृश्य शिक्षकांच्या घरात कुणाला नवीन नाही. जे समोरासमोर होतं तेही राज्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला अशा पायऱ्यांनी येतं आणि दर पायरीला पातळ होतं.

दुसरीकडे परीक्षेचा धाक वाढतो आहे. 2023 मध्ये आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांच्या शिक्षकांची क्षमता चाचणी ठरवली, आणि अनेकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंजुमन इशाअत-ए-तालीमच्या खटल्यात, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. वीस वर्षं शिकवलेली माणसं सध्या रात्री बालमानसशास्त्राची गाइडं वाचत आहेत. शिक्षकाला विषय यायला हवा याबद्दल वाद नाही. पण 42 वजा 17 चं उत्तर शिक्षकाला येतंच. पस्तीस का आले हे ओळखता येतं का, ते ओएमआर पत्रिकेवर कळत नाही.

नोकरीत राहावं की नाही यासाठीची तपासणी आणि उद्याचा तास सुधारावा यासाठीची भेट, या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच दिवशी करू नयेत. ज्याच्या हातात वेतनवाढ आहे त्याच्यापुढे कुठलाही शिक्षक आपली अडचण मोकळेपणाने सांगणार नाही, तो तयार केलेला पाठच दाखवेल. गैरहजेरी, गैरवर्तन, दुर्लक्ष यांची चौकशी कडक हवी आणि ती अधिकाऱ्यांनी करावी. वर्गातली साथ मात्र सहकाऱ्याची हवी, आणि तिची नोंद सेवापुस्तकात जाऊ नये.

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. चावडी वाचनाला गावकरी जमतात, मूल अडखळलं की सगळ्यांच्या नजरा गुरुजींकडे वळतात. प्रकाशातल्या, शहाद्यातल्या, कुठल्याही गावच्या पालक सदस्याने पुढच्या बैठकीत निकालाची टक्केवारी जरूर विचारावी, पण सोबत आणखी एक प्रश्न मुख्याध्यापकांना विचारावा: यंदा आमच्या मुलांच्या बाईंचा पूर्ण तास कोणी बसून पाहिला का, आणि नंतर त्यांच्याशी काय बोलणं झालं? उत्तर ‘नाही’ असेल तर दोष बाईंवर ढकलू नका. महिन्यातून एक तास एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात बसावं, तेवढा वेळ मोकळा करून द्या, आणि ते ठरावात लिहून घ्या.